उत्तरेच्या सरोवरकाठचे उन्हाळी पक्षी
आपल्या तलावांवरील हिवाळी पाहुण्यांचे माहेर

रब्बीची पेरणी आटोपून शेते हिरवी दिसू लागली की आपल्या राज्यातील मोठ्या तलावांवर पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. पैठणचा नाथसागर, पुणे व सोलापूर जिल्ह्यांत पसरलेला उजनीचा जलाशय, निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर, विदर्भातील जुने मालगुजारी तलाव ही त्यांची नेहमीची उतरण्याची ठिकाणे होत. चार महिने मुक्काम करून फाल्गुन-चैत्रात हे पक्षी दिसेनासे होतात आणि पुढील दिवाळीपर्यंत कोणास त्यांची फारशी आठवणही राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका तलावाच्या काठी एका शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास आपले गव्हाचे शेत दाखविले. पाण्याच्या बाजूच्या चार-पाच ओळींचे कोवळे शेंडे खुडल्यासारखे दिसत होते. रात्री उतरलेल्या हंसांचे ते काम होते. “साहेब, ही पाखरं कुठली, जातात कुठं, आणि आमच्याच वावरावर का उतरतात?” असा त्याचा सरळ प्रश्न होता. शेजारच्या कोणी तरी त्यास विषारी दाणे टाकण्याचा सल्ला दिला होता व त्याचे मन त्या बाजूस झुकलेही होते. त्या वेळी त्यास तसे करण्यापासून परावृत्त करता आले. परंतु त्याच्या प्रश्नाचे पुरेसे उत्तर लेखकापाशी नव्हते. ते उत्तर शोधता शोधता जे वाचावयास मिळाले, आणि गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लडाखमधील सरोवरांच्या काठी जाण्याचा योग आला असता जे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

सरोवरांचा प्रदेश

लडाखच्या पूर्वेकडील उंच पठारास चांगथांग असे म्हणतात. हे तिबेटच्या पठाराचेच पश्चिमेकडील टोक होय. येथे त्सो मोरिरी, त्सो कर, पँगाँग अशी अनेक सरोवरे आहेत. ‘त्सो’ या शब्दाचा अर्थच सरोवर असा आहे. त्सो मोरिरी हे समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट उंचीवर हे पाणी साठलेले आहे, असे म्हटले म्हणजे कल्पना येईल. २००२ साली या सरोवराचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत करण्यात आला. त्सो करचा समावेश २०२० साली झाला. आपले नांदूर मधमेश्वरही या यादीत आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्सो कर येथे दोन सरोवरे शेजारी शेजारी आहेत. उत्तरेकडील मोठे सरोवर अतिशय खारे असून त्याच्या काठावर मिठाचे पांढरे थर दिसतात. दक्षिणेकडील लहान सरोवर गोड्या पाण्याचे आहे. पक्ष्यांची खरी गजबज या गोड्या पाण्याच्या काठी व दोहोंमधील दलदलीच्या कुरणात असते.

या भागात पाऊस अत्यंत तुरळक पडतो. हिवाळ्यात सरोवरे गोठतात. त्सो मोरिरीच्या काठी कोरझोक नावाचे गाव आहे. तेथे सातूची लहान लहान शेते आहेत आणि जगातील अतिशय उंचावरील शेतीत त्यांची गणना होते. लोकांचा मुख्य व्यवसाय मात्र पशुपालन हाच आहे. चांगपा जमातीचे लोक मेंढ्या, याक व पश्मिना लोकरीच्या शेळ्या पाळतात आणि कुरणांच्या मागे मागे तंबू घेऊन फिरतात.

पक्षी एवढ्या उंचावर का जातात ?

चैत्र-वैशाखात आपल्याकडे तलाव आटू लागतात आणि काठचे गवत वाळते. त्याच सुमारास तिकडे बर्फ वितळू लागते. ओढ्यांना पाणी येते, सरोवरांच्या मुखाशी दलदल तयार होते, तीत कोवळे गवत उगवते आणि पाण्यावर चिलटांचे व इतर कीटकांचे थवे उठतात. जून महिन्यात तेथील दिवस आपल्याकडील दिवसापेक्षा सुमारे एक तासाने मोठा असतो. म्हणजे पिल्लांना चारण्यास तेवढा वेळ अधिक मिळतो. माणसांची वस्ती विरळ असते आणि उथळ पाण्यातील चिमुकल्या बेटांवर कोल्ह्या-लांडग्यांना सहजी पोहोचता येत नाही. अन्न, पाणी आणि सुरक्षित जागा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तेथे मिळतात. मात्र मुदत थोडी असते. आश्विन लागला की थंडी पुन्हा घट्ट होऊ लागते. अंडी घालणे, ती उबविणे, पिल्ले वाढविणे व त्यांना उडण्यास सिद्ध करणे हा सर्व प्रपंच या चार-पाच महिन्यांत उरकावा लागतो.

आपल्याकडे लेक बाळंतपणासाठी माहेरी जाते; तसेच हे आहे. आपला तलाव हे या पक्ष्यांचे हिवाळ्याचे घर आणि उत्तरेचा सरोवरकाठ हे त्यांचे माहेर.

पट्टकादंब

गव्हाचे शेंडे खुडणारा हंस तो हाच. अंग राखाडी, डोके पांढरे आणि डोक्याच्या मागील बाजूस दोन आडवे काळे पट्टे. या खुणेवरून तो चटकन ओळखता येतो. वजन साधारणतः दोन ते तीन किलो भरते. हा पक्षी मार्च-एप्रिलमध्ये लडाखमध्ये पोहोचतो. सरोवरातील बेटांवर किंवा दलदलीतील उंचवट्यावर गवत व पिसे यांचे घरटे करून मादी बहुधा चार ते सहा अंडी घालते व सुमारे चार आठवडे उबविते. नर जवळ राहून पहारा करतो.

जूनच्या उत्तरार्धात त्सो मोरिरीच्या काठी जे दृश्य दिसले ते शेतकऱ्यास सहज समजेल असे होते. पुढे मादी, मध्ये पिवळसर लोकरीसारख्या पिसांची पाच पिल्ले आणि मागे नर, अशी एक ओळ कुरणातून पाण्याकडे चालली होती. वाटेत एक कुत्रे दिसताच नराने मान ताठ करून आवाज दिला आणि सारी ओळ क्षणार्धात पाण्यात उतरली. अशी कित्येक कुटुंबे काठाकाठाने चरत होती. पिल्लांना उडण्यास सुमारे दोन महिने लागतात. याच काळात मोठ्या पक्ष्यांचीही पंखांतील लांब पिसे एकदम गळतात व नवी येईपर्यंत त्यांना उडता येत नाही. त्या दिवसांत पाणी हाच त्यांचा एकमेव आसरा असतो.

या पक्ष्याचा हिमालय ओलांडण्याचा पराक्रम जगात प्रसिद्ध आहे. अंगावर लहान यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रवासाच्या नोंदी घेतल्या आहेत. त्यांवरून असे दिसून आले की, तो शक्य तितके खोऱ्या-खिंडींतून व जमिनीच्या जवळून उडतो. बहुतेक प्रवास सहा हजार मीटरांच्या खालीच होतो, तथापि ७,३०० मीटरांच्या आसपास उंची गाठल्याचीही नोंद आहे. तो बहुधा रात्री व पहाटे उडतो, कारण थंड हवा दाट असते व पंखांना तिचा आधार अधिक मिळतो. हिमोग्लोबिन हे जे रक्तातील तांबडे द्रव्य आहे, ते या पक्ष्यात विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला धरून ठेवते. त्याची फुप्फुसेही इतर हंसांच्या मानाने मोठी असतात.

आपल्या तलावावरील प्रत्येक पट्टकादंब लडाखमधूनच येतो असे मात्र समजू नये. हा पक्षी तिबेट, चीन व मंगोलिया येथील सरोवरांच्या काठीही वीण करतो. मंगोलियात मानेत क्रमांकाचे पट्टे घातलेले पक्षी थेट कर्नाटकातील तलावांपर्यंत आल्याचे आढळले आहे.

चक्रवाक व इतर पक्षी

नारिंगी-विटकरी रंगाच्या चक्रवाकाची जोडी आपल्याकडील नदीकाठच्या शेतकऱ्यांस परिचित आहे. नर व मादी रात्री एकमेकांपासून दुरावतात, हा आपल्या काव्यांतील संकेतही बहुतेकांनी ऐकला असेल. लडाखमध्ये हा पक्षी कड्यांतील बिळांत व कपारींत घरटे करतो. घरटे पुष्कळदा पाण्यापासून दूर असते, आणि अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांना आईबापांच्या मागोमाग पाण्यापर्यंत चालत जावे लागते. या वाटचालीत त्यांना सर्वांत अधिक धोका असतो.

मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचा व डोळ्यामागे काळा ठिपका असलेला कुरव दिसतो. उत्तरेच्या सरोवरावर तोच पक्षी उन्हाळ्यात गडद तपकिरी डोक्याचा दिसतो. विणीच्या दिवसांतील हा त्याचा वेष होय. कोकणच्या खाजणात चिखल टिपणारा लहान करडा चिखल्या तेथे छातीवर तांबूस पट्टा धारण करून वाळूतील खळग्यात अंडी उबवीत असतो. कोणी जवळ गेल्यास तो पंख मोडल्याचे सोंग करून लंगडत दूर जातो व शत्रूस आपल्या मागे नेतो. आपली टिटवीही शेतात असेच करते. तांबड्या पायांचा टिलवा दलदलीच्या गवतात घरटे करतो. तुरेवाली मोठी टिबुकली पाणवनस्पतींचे तरंगते घरटे बांधते व पिल्लांना पाठीवर घेऊन पोहते.

काळ्या मानेचा क्रौंच

या सरोवरकाठचा सर्वांत दुर्मिळ पक्षी म्हणजे काळ्या मानेचा क्रौंच. हा आपल्या राज्यात येत नाही. भारतात त्याची वीण लडाखच्या या पठारावरच होते आणि जोड्या मोजक्याच आहेत. लडाखच्या प्रशासनाने त्यास आपला राज्यपक्षी ठरविले आहे. दलदलीतील गवताळ बेटावर मादी बहुधा दोन अंडी घालते; पुष्कळदा त्यांपैकी एकच पिल्लू जगते. वर्षाकाठी जोडीमागे एक पिल्लू, एवढीच ज्याची वाढ, त्याची एक अंडीही वाया जाणे परवडत नाही.

माहेरी आलेली संकटे

अलीकडे या काठांवर दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या आहेत. पहिली मोकाट कुत्र्यांची. वस्त्या, छावण्या व प्रवाशांचे तंबू यांच्याभोवती उष्टे-खरकटे व कचरा साठतो. त्यावर कुत्री वाढतात आणि उन्हाळ्यात ती अंडी व पिल्ले यांवर तुटून पडतात. क्रौंचाच्या विणीस कुत्र्यांपासून मोठा उपद्रव होतो असे तेथील पाहणीत आढळून आले आहे. दुसरी अडचण प्रवाशांच्या गाड्यांची. छायाचित्रासाठी गाडी कुरणात घातली की दलदल चेंदली जाते. पक्षी घरट्यावरून उठला की त्या थंड हवेत अंडी लवकर निवतात. घरटे मोडण्यासाठी त्यावर पायच द्यावा लागतो असे नाही. पक्ष्यास वारंवार उठविणे एवढेही पुरते.

तेथील गावकऱ्यांनी प्रवाशांची सोय आपल्याच घरी करावी, तंबू पाण्याच्या काठापासून दूर लावावेत, कचऱ्याची विल्हेवाट लावावी व गाड्या ठरलेल्या वाटेनेच न्याव्यात, या दिशेने वनविभाग व काही संस्था प्रयत्न करीत आहेत. सरोवर आपल्या उपजीविकेचे साधन आहे, हे गावास पटले तेथेच हे प्रयत्न टिकतात, असे दिसते.

आपल्या तलावाकाठी काय करावे ?

माहेरी पिल्लू वाढले, हिमालय ओलांडून ते आपल्या तलावावर पोहोचले आणि येथे विषारी दाण्याने मेले, तर तिकडील सारा खटाटोप व्यर्थ होय. तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व तलावाकाठच्या शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. पट्टकादंबापासून पिकास मुख्य उपद्रव होतो तो रोपे कोवळी असताना. गहू-हरभऱ्याची उगवण झाल्यापासूनचे पहिले काही आठवडे पहाटे व सायंकाळनंतर आळीपाळीने राखण ठेवावी. काठचे शेतकरी एकत्र आल्यास एकेकास थोड्याच रात्री जागावे लागते.

२. पाण्याच्या बाजूच्या बांधावर चमकणाऱ्या फिती ताणून लावाव्यात. पक्ष्यांस त्यांची सवय होते. म्हणून दर चार-सहा दिवसांनी जागा बदलावी.

३. तलावाचे पाणी ओसरल्यावर जेथे गाळपेर करतात, तेथे पाण्यालगतची एक अरुंद पट्टी गवतासाठी मोकळी सोडावी. पक्षी चरण्यासाठी प्रथम तेथेच उतरतात. या पट्टीमुळे गाळ व खते थेट पाण्यात वाहून जाणेही कमी होते.

४. विषारी दाणे कधीही टाकू नयेत. त्याने हंसच मरतो असे नाही. कबुतरे, मोर, कोंबड्या, शेळ्या व प्रसंगी मुले यांच्याही जिवावर बेतते. औषध चोळलेले बियाणे मातीआड नीट झाकावे, शेताच्या कडेस सांडू देऊ नये. फवारणीचा पंप तलावात धुऊ नये.

५. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याप्रमाणे या पक्ष्यांची शिकार करणे, त्यांस जाळ्यात पकडणे किंवा अंडी गोळा करणे हा गुन्हा आहे. नुकसान मोठे असल्यास कृषी व वनविभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांस शेत प्रत्यक्ष दाखवावे.

६. पक्ष्याच्या पायात कडे किंवा मानेत पट्टा दिसल्यास त्याचा रंग, त्यावरील अक्षरे व अंक, ठिकाण व तारीख टिपून घ्यावी व वनविभागास कळवावे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था पक्ष्यांना कडी घालण्याचे काम अनेक दशके करीत आली आहे. शेतकऱ्याने कळविलेला एक क्रमांकही पक्ष्याचा सारा मार्ग जोडून देऊ शकतो.

७. मेलेला पक्षी आढळल्यास त्यास हात लावू नये. ही सूचना विशेष महत्त्वाची आहे, म्हणून तिचे कारण स्वतंत्रपणे दिले आहे.

बर्ड फ्लूविषयी सावधगिरी

२००५ च्या मे महिन्यात चीनमधील छिंघाय सरोवराच्या काठी, ऐन विणीच्या दिवसांत, हजारो पाणपक्षी बर्ड फ्लूने मेले. त्यांत पट्टकादंबांचा भरणा मोठा होता. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर पुन्हा तसेच घडले. आपल्या राज्यात २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत हा रोग आढळला होता व त्या वेळी कुक्कुटपालकांचे अतोनात नुकसान झाले, हे अनेकांस स्मरत असेल.

याचा अर्थ पाहुणे पक्षी दिसताच त्यांस हुसकावून लावावे असा नाही. हा रोग पाळीव कोंबड्या-बदकांतून व त्यांच्या वाहतुकीतूनही पसरतो आणि रानपक्षी स्वतःच त्याला बळी पडतात. हुसकावलेला थवा दुसऱ्या तलावावर जातो, एवढेच. उपाय तो की, परसातील कोंबड्या व बदके तलावाच्या काठी मोकळी सोडू नयेत; त्यांना तलावाचे पाणी पाजू नये; एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास व वनविभागास कळवावे. वेळेवर दिलेली खबर सबंध तालुक्यातील कोंबड्या वाचवू शकते.

उन्हाळ्यातील आपली जबाबदारी

लडाखच्या काठी हंस अंडी उबवीत असतो त्याच दिवसांत आपल्या शेतातही वीण चालू असते. टिटवी उघड्या जमिनीवर खडे मांडून चार अंडी घालते. तिच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधण्याची आपली जुनी रीत आहे; अंदाज खरा ठरो वा न ठरो, त्या निमित्ताने शेतकरी घरटे पाहतो व जपतो, हे चांगलेच आहे. वैशाख-ज्येष्ठात नांगरट किंवा वखरणी करताना घरटे दिसल्यास भोवतालचे थोडे रान तेवढे दिवस सोडावे. टिटवी शेतातील किडी खाऊन त्याची फेड करते.

गेल्या हिवाळ्यात त्या तलावाकाठच्या शेतकऱ्याची पुन्हा भेट झाली. लडाखमध्ये पाहिलेली पाच पिल्लांची हकीकत त्यास सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली. यंदा पाण्याच्या बाजूच्या तीन ओळी त्याने पेरल्या नव्हत्या. तेथे गवत वाढले होते आणि बांधावर फिती लावलेल्या होत्या. शेजाऱ्यांसह राखणीच्या पाळ्याही ठरल्या होत्या. “थोडं खातातच, पण मागल्यासारखं नाही,” असे तो म्हणाला. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यास मूठभर गवताची जागा देऊनही आपले पीक राखता येते, असा त्याचा अनुभव आहे. इतर गावांनीही तो करून पाहण्याजोगा आहे.